आजीच्या पेटीतले फोटो, मोडी कागद आणि मिलचा ग्रुप फोटो: स्कॅन कसं करू?

महालची_लेक

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या महाल भागातलं माझं माहेरचं घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलं आहे. आईला मागच्या महिन्यात माझ्याकडे त्रिमूर्तीनगरला आणलं, तेव्हा तिच्यासोबत आजीची हिरवी पत्र्याची पेटीही आली. ती उघडली त्या दिवसापासून मला झोप नाही. आत जे आहे ते आमच्या नात्यात दुसऱ्या कुणाकडेच नाही, आणि त्यातलं निम्मं हातात धरायचीही भीती वाटते.

साधारण ४०० फोटो आहेत. सगळ्यात जुने कातरलेल्या कडांचे, छोटे. मग काकाच्या आग्फा क्लिक कॅमेऱ्यावरचे चौकोनी फोटो आणि बटर पेपरच्या पाकिटांत त्यांच्या निगेटिव्ह. ८०-८५ सालचे रंगीत फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, त्यांच्या खात्याचा एक ग्रुप फोटो जाड पुठ्ठ्यावर आहे. तो ए-फोरपेक्षा बराच मोठा आणि पापडासारखा वाकलेला. आईबाबांच्या लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटून बसला आहे.

शिवाय कागद. चार मोडीतले. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीजचा (प्रवेश-निर्गम नोंदवहीचा) उतारा आणि कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल. हे शेवटचे दोन मुलीच्या जात पडताळणीसाठी लागणार आहेत. आठ घड्या घातलेले आहेत आणि घडीवर फाटत चालले आहेत.

मी ३० फोटो एका झेरॉक्सच्या दुकानात नेले होते. त्याने एका पानावर चार-चार ठेवून २०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला २०० ठिपके) पीडीएफ करून दिली. मोठं करून पाहिलं तर चेहऱ्यांची लापशी. कागद लॅमिनेट करून घ्या म्हणाला, तेव्हा आईने माझा हात धरून मला बाहेर आणलं.

आता स्वतःच करायचं ठरवलं आहे. दहा हजारांच्या आत कोणता स्कॅनर घेऊ? डीपीआय किती ठेवू? आणि त्या काचेला चिकटलेल्या फोटोचं काय करू?

बर्डीवाला_डार्करूम

ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. त्यांनी हात धरला नसता तर त्या दोन कागदांचं नुकसान कायमचं झालं असतं. लॅमिनेशनमध्ये गरम रूळाखालून प्लास्टिक आणि गोंद कागदात शिरतो, तो नंतर कुणालाही काढता येत नाही. वरून स्कॅन करताना चमक येते ती वेगळीच.

मी सीताबर्डीतल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये २७ वर्षं काढली. प्रिंट धुतल्या, वाळवल्या, रंगवल्या. त्यामुळे हे लिहून राहिलो ते जरा लांबेल, चालवून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. जुना फोटो प्रत्येक वेळी हाताळला की थोडा मरतो. म्हणून एकदाच काढायचा, एकदाच काचेवर ठेवायचा, आणि पुन्हा काढायची वेळ येणार नाही असा स्कॅन करायचा. मी हे शिकलो ते आमच्याच घरच्या फोटोंवर. २००९ साली सगळे फोटो २०० डीपीआयवर, जेपीजीमध्ये, ‘ऑटो करेक्शन’ चालू ठेवून स्कॅन केले. तेव्हा छान वाटले. सात वर्षांनी मोठ्या प्रिंट काढायला गेलो तं काहीच हाती लागलं नाही, पुन्हा सगळे बाहेर काढावे लागले. मे महिना होता. आईवडिलांचा १९५१ चा लग्नाचा फोटो जरा वळलेला होता, तो मी काचेवर ठेवून झाकण दाबलं. कड असा आवाज झाला. आईच्या कपाळावरून आडवा चरा गेला. पहिल्या वेळी नीट केलं असतं तर तो फोटो दुसऱ्यांदा पाकिटातून निघालाच नसता.

त्याचं कारण समजून घ्या, कारण सध्या पुन्हा मे आहे. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो आक्रसतो, म्हणून फोटो चित्राच्या बाजूने आत वळतो आणि कडक होतो. असा फोटो दाबला की थर तडकतोच. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, तोच थर ओल धरतो, काचेला चिकटतो, बुरशी येते. वळलेल्या प्रिंटसाठी आपल्याकडे दिवाळीच्या आसपासचे दिवस चांगले. पेटी तुमच्याकडे आलीच आहे, आता घाई कशाची? सपाट आहेत ते आत्ता करा, वळलेले दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये हलक्या वजनाखाली ठेवा आणि थांबा. अन् हो, कूलरच्या समोर टेबल मांडू नका. खसाचे तंतू अन् पाण्याचे बारीक थेंब काचेवर येतात.

आता स्कॅनर. बाजारात दोन जातींचे मिळतात. सीआयएसवाल्यात दिवा अन् सेन्सर काचेच्या अगदी खाली असतो, त्याला काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं. कॅननचा लाइड ३००, एप्सनचा व्ही ३९ हे त्या जातीचे. पातळ, स्वस्त, अन् यूएसबीच्या विजेवर चालतात, म्हणजे लाइट गेली तरी लॅपटॉपवर काम सुरू राहतं. सपाट फोटो अन् कागदांसाठी उत्तम. दुसरी जात सीसीडीची, एप्सन व्ही ६०० सारखी. त्यात आरसे अन् भिंग असतं, त्यामुळे काचेपासून थोडं उचललेलंही स्पष्ट येतं, अन् झाकणात दिवा असल्याने निगेटिव्ह होतात. ती तुमच्या बजेटच्या बरीच वर जाते.

तुमच्या पेटीतलं ८० टक्के काम सीआयएसवर होईल. तोच घ्या. मात्र तीन गोष्टी त्यावर होणार नाहीत: निगेटिव्ह, वाकलेला ग्रुप फोटो, अन् काचेला चिकटलेला फोटो. चिकटलेला फोटो ओढायचा नाही, वाफ द्यायची नाही, ब्लेड लावायचं नाही. काचेसकट फ्रेममधून काढून तसाच पालथा ठेवून काचेतून स्कॅन करायचा. फ्रेमची काच दोनेक मिलिमीटर जाडीची, म्हणजे फोटो तेवढा वर राहतो. म्हणूनच इथे सीसीडी लागतो.

डीपीआयचं सांगतो. खोक्यावर जो मोठ्ठा आकडा छापलेला असतो त्याच्या मागे लागू नका, ‘ऑप्टिकल’ किती, म्हणजे सेन्सरला खरोखर किती दिसतं, ते पाहा. चार बाय सहाचा फोटो ६०० वर केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात. त्याच्या वर गेलं तर बहुतेक प्रिंटमध्ये कागदाचा पोतच मोठा होतो, चेहरा नाही. पण छोटे फोटो, पासपोर्ट साइजचे, काकांचे ६ सेंटिमीटरचे चौकोनी, हे १२०० वर करा. सुमारे २८०० पिक्सेलची बाजू मिळते. टिफमध्ये ठेवा, जेपीजीसारखा त्यात दाबून तपशील जात नाही. ६०० चा एक रंगीत टिफ २६ एमबीच्या आसपास, ४०० फोटोंचे दहा-अकरा जीबी. आजकाल एवढं पेनड्राइव्हात मावतं, तिथे काटकसर कशाला?

ब्लॅक अँड व्हाइट फोटोही रंगीतच स्कॅन करा. हे लोकांना पटत नाही. पण जुन्या फोटोचा तपकिरी रंग, हाताने लावलेली गालाची लाली, पिवळे डाग, हे सगळं त्या कागदाचं आहे. अन् पुढे डाग काढायचे झाले तं रंगीत फाइलच उपयोगी पडते, कारण रंगीत फाइल लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांची (चॅनेलची) असते, अन् पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये ठळक असतो अन् लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसत नाही. करड्या फाइलमध्ये ही वाट बंद. ऑटो कलर, शार्पनिंग, धूळ काढणं, सगळं बंद ठेवा. सुधारणा करायच्या त्या नंतर, प्रतीवर.

अंबाझरी_खालचा

काकांनी फार चांगलं लिहिलं. मी फक्त एक भर घालतो, कारण आमच्यावर बेतलं आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फोटोंची पेटी पलंगाखाली. चिखल उपसून झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही ते फोटो गच्चीवर उन्हात पसरले. चुकलं. उन्हाने ते एकमेकांना चिकटून वाळले, वीट व्हावी तसे. नंतर कळलं की भिजलेले फोटो एकमेकांवर तसेच वाळू द्यायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करायचे, चित्राला बोट न लावता धुवायचे, सावलीत टिपकागदावर चित्र वर करून ठेवायचे. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढाच वेळ असतो.

आमच्याकडे आज माझ्या वडिलांच्या लहानपणाचा एकही फोटो नाही. म्हणून ताई, पेटी जमिनीवर ठेवू नका. आणि स्कॅन झाले की एक हार्ड डिस्क दुसऱ्या घरी ठेवा, शक्यतो दुसऱ्या गावी. एकाच कपाटात दोन प्रती ठेवल्या तर एकच प्रत आहे असं समजा.

अर्ज_लिहून_देणारी

पडताळणीच्या कागदांबद्दल सांगते, माझं रोजचं काम आहे.

ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा महत्त्वाचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्यामुळे आजोबांचा दाखल-खारीजचा उतारा आणि कोतवाल पंजी हे तुमच्या घरातलं सोनं आहे. स्कॅन अपलोड केला तरी मूळ कागद दाखवायची वेळ येते, तो कधी टाकू नका. आणि आपल्याकडच्या जुन्या नोंदी हिंदीत असल्या तर घाबरू नका. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं, तेव्हाचं बरंच दप्तर हिंदीतच असायचं.

फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका. चार-पाच वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. कागद एका पारदर्शक पॉलिस्टर फोल्डरमध्ये सरळ करून ठेवा. स्कॅन रंगीत, ४०० डीपीआय. कोतवाल पंजीत नोंद फिकट असते, काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये ती उडूनच जाते, शिक्का आणि सही वेगळ्या ओळखू येत नाहीत. मोठी फाइल घरी ठेवा आणि अपलोडसाठी तिचीच छोटी पीडीएफ करा. कागदाच्या चारही कडा दिसू द्या, कापू नका. कोपऱ्यातला नक्कल क्रमांक कापला गेल्यामुळे एका मुलाला तीन फेऱ्या मारताना मी पाहिलं आहे.

महालची_लेक

तुमचे सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. लाइड ३०० घेतला. मागच्या दहा दिवसांत दोन्ही दाखले आणि १४० सपाट फोटो झाले. पेटी आता माळ्यावर नाही, जमिनीवरही नाही, आईच्या खोलीतल्या कपाटात मधल्या फळीवर आहे.

अडचणी अशा. एक, मोडी कागद पातळ आहेत, मागची अक्षरं पुढे उमटतात आणि सगळं गिचमिड होतं. दोन, काही स्कॅनमध्ये वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ येते. तीन, ८०-८५ चे रंगीत फोटो जाळीदार कागदावर आहेत, मधमाशीच्या पोळ्यासारखे, तर स्कॅनमध्ये चेहऱ्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. चार, चिकट अल्बममधून फोटो सुटत नाहीत. एकाचा कोपरा दुमडला तेव्हा मी तिथेच थांबले.

आणि नावं. आई ८१ वर्षांची आहे. ती शेजारी बसून सांगते, मी वहीत लिहिते, पण कोणती ओळ कोणत्या फाइलची याचा गोंधळ होऊ लागला आहे.

बर्डीवाला_डार्करूम

थांबलात ते फार बरं केलं.

मोडीचा उपाय सोपा आहे. झाकणाच्या आतली पांढरी फळी पातळ कागदातून उजेड परत फेकते, म्हणून मागची शाई दिसते. कागदाच्या पाठीवर काळा ड्रॉइंग पेपर ठेवा अन् मग झाकण लावा. मागची अक्षरं पुष्कळ बसतील. कागद थोडा सावळा दिसेल, त्याची चिंता नको. मोडी वाचणाऱ्याकडे हीच फाइल पाठवा, कागद घेऊन फिरू नका.

रेघेचं कारण बहुतेक धूळ. स्कॅनर सुरू होताना आधी काचेच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर स्वतःला जुळवून घेतो, तिथे कण बसला असेल तं पूर्ण लांबीची रेघ येते. मायक्रोफायबरच्या फडक्यावर किंचित आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या, काचेवर थेट शिंपडू नका, कडेने आत झिरपतं. फोटोवरची धूळ मात्र रबरी ब्लोअरने. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचा बारीक थेंबही जिलेटिनवर डाग सोडतो.

जाळीदार कागद ही त्या काळची फॅशन होती, आम्ही स्वतः हजारो काढले. बोटांचे ठसे दिसत नाहीत म्हणून गिऱ्हाइकाला आवडायचा. स्कॅनरचा उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे प्रत्येक खळगीची एक कड चमकते. फोटो एकदा सरळ अन् एकदा पूर्ण उलटा फिरवून, असे दोन स्कॅन घ्या. संगणकावर दुसरा परत सरळ करून पहिल्यावर अचूक बसवा अन् त्याची अपारदर्शकता ५० टक्के करा. जिंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. ठिपके पूर्ण जात नाहीत, पण चेहरा दिसायला लागतो. सगळ्यांना हे करू नका, आठ-दहा लाडक्या फोटोंनाच करा.

चिकट अल्बमला दातांत फिरवायचा डेंटल फ्लॉस आणा, मेण न लावलेला. एका कोपऱ्यातून फोटोच्या मागे घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. जिथे अडेल तिथे सोडून द्या. ते पान कापून अल्बमपासून वेगळं करता येतं, वरचं प्लास्टिक उचलून अख्खं पान काचेवर ठेवा. फोटो निघाला नाही तरी त्याचा स्कॅन निघतो.

आता नावं. फोटोच्या पाठीमागे काही लिहिलेलं असेल, स्टुडिओचा शिक्का असेल, तर पाठही स्कॅन करा, ३०० पुरे. ०१४१ पुढची बाजू, ०१४१-पाठ मागची. वहीत फक्त हा आकडा लिहायचा अन् त्यापुढे आई बोलतील ते, त्यांच्याच शब्दांत. फाइलच्या नावात नावं कोंबू नका. आई उद्या म्हणतील, अगं ही शांता नव्हे, तिची नणंद, मग फाइलचं नाव बदलत बसाल. अन् एक मनापासून सांगतो: आईंना आधी बसवा, स्कॅनर नंतर. वळलेले फोटो दिवाळीपर्यंत थांबू शकतात, म्हणून त्यांची नावंही थांबवू नका. पेटीतूनच एकेक दाखवा, मोबाइलवर साधा फोटो काढून त्यावर आकडा टाका अन् आवाज रेकॉर्ड करा.

आमच्या आईला मी हे विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला फोटो बाहेर काढले तेव्हा ती नव्हती. माझ्याकडे ३६ चेहरे आहेत ज्यांना मी ओळखत नाही, स्कॅन मात्र अगदी स्वच्छ आहेत.

महालची_लेक

काका, हे वाचून मी लगेच आईजवळ जाऊन बसले.

काल संध्याकाळी मिलचा ग्रुप फोटो तिच्यासमोर धरला. ३१ माणसं आहेत. तिने सात ओळखली. एकाचं नाव नाही आठवलं, पण हा मोमिनपुऱ्यातून सायकलने यायचा आणि दर ईदला आपल्याकडे शीरखुर्मा पाठवायचा, असं म्हणाली. तेही लिहून घेतलं.

माझ्या स्कॅनरवर होणार नाही असं आता तोच फोटो, निगेटिव्ह आणि काचेचा फोटो एवढंच आहे. हे कुठे करून घेऊ?

बर्डीवाला_डार्करूम

माझ्याकडे सीसीडीचा स्कॅनर आहे. घेऊन या.

ग्रुप फोटो तुकड्यांत करू. वाकलेला पुठ्ठा दाबणार नाही, टेकेल तेवढा टेकेल. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर निदान एक चतुर्थांश चढवायचा अन् सगळे एकाच दिशेने ठेवायचे. मध्येच फोटो फिरवला तं उजेडाची बाजू बदलते, जोड उघडा पडतो. ह्यूगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर जोडून देतं.

काकांच्या निगेटिव्ह १२० फिल्मच्या असणार, आग्फा क्लिकमध्ये एका रोलवर १२ निघायच्या. त्या २४०० वर करू. इन्फ्रारेडने आपोआप धूळ काढायची सोय असते ती ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चालत नाही, चांदीचे कण ते किरणही अडवतात. म्हणजे ब्लोअर अन् धीर, एवढंच. पाकिटं घरी उघडू नका. उघडताना आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म कुजायला लागलेली असते, ती आधी करू अन् बाकीच्यांपासून वेगळी ठेवू.

काचेचा फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधा, आडवा ठेवून आणा, स्कूटरवर उभा नको. गुरुवारी सकाळी नऊपर्यंत या, त्यानंतर ऊन फार होतं. आईंना जमत असेल तर त्यांनाही आणा. निगेटिव्हमध्ये कोण निघतं ते त्यांनाच आधी कळेल.

महालची_लेक

येतो आम्ही दोघी. आईने वही आत्ताच पिशवीत टाकली आहे.